शक्यतो खुली सुनावणी

पक्षाने भ्रष्टाचार संपवायचं ठरवलं तेव्हा मी अंगणात बसून लसूण सोलत होते. दारात पांढरी गाडी थांबली आणि जिल्हाध्यक्ष खाली उतरला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शाल, मागे फोटो काढायला दोघं-तिघं.

हा जिल्हाध्यक्ष माझा विद्यार्थी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर बीडला घर बांधलं. तो सातवीत माझ्या वर्गात होता. हुशार होता असं म्हणणार नाही, पण शेजारच्याची वही कोणत्या क्षणी उघडी असते याची त्याला उपजत जाण होती. पुढे तो राजकारणात गेला, तेव्हा शाळेत कुणालाच नवल वाटलं नाही.

"बाई, मुंबईहून आदेश आलाय," पाया पडून तो म्हणाला. "दर जिल्ह्यात नीतिपालन समिती नेमायची. पक्षातल्या कुणी गैरकारभार केला तर समितीनं चौकशी करायची. आमी ठरवलं, समितीच्या अध्यक्ष तुमीच."

"मी? मी तर तुझ्या पक्षातही नाही."

"तेच तर पाहिजे! बाईमाणूस हाय, शिक्षिका हाय, नाव स्वच्छ हाय, आन बौद्ध समाजाला बी प्रतिनिधित्व मिळतं. चार जागा एकाच खुर्चीत भरत्यात."

त्याने हे इतक्या निरागसपणे सांगितलं की मला रागही येईना. किचकट पदावलीला सरळरूप द्यायला मीच त्याला शिकवलं होतं.

आमचे हे परळीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आतल्या खोलीतून त्यांनी विचारलं, "या समितीला काम काय असतं?"

"काहीच न्हाई, साहेब! नुसतं नाव."

"मग घे," ते मला म्हणाले. "एवढी वर्षं काम करून नाव झालं नाही. आता काम न करता तरी होईल."

मी शाल घेतली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. निवृत्त बाईला रस्त्यात नमस्कार पुष्कळ मिळतात, पण कुणी काही विचारायला येत नाही. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी दुसऱ्यांची चौकशी केली, तेव्हा थोडी स्वतःचीही झालेली बरी.

पक्ष कार्यालयात समितीला झेंडे ठेवायची खोली मिळाली. झेंडे होते तिथेच राहिले, आम्ही त्यांच्यात बसलो. समितीत माझ्याशिवाय एक निवृत्त वकीलसाहेब होते. ते पालीला, धरणाजवळ राहायचे आणि पक्षाचे जुने मतदार होते. बैठक सुरू झाली की त्यांचे डोळे मिटत. कार्यालयाचा चिटणीस आमचं टिपण ठेवायचा आणि चहा आणायचा. टिपणात बहुतेक चहाचाच उल्लेख असे.

समितीचं सगळ्यात देखणं अंग म्हणजे तक्रारपेटी. लाल रंगाची, लोखंडी, वर 'निर्भयपणे तक्रार करा' असं लिहिलेली. ती दाराच्या चौकटीच्याही वर टांगली होती. निर्भयपणाच्या जोडीला शिडीही लागणार होती.

"एवढ्या उंच का?" मी चिटणिसाला विचारलं.

"खाली लावली तर लोक काय बी टाकत्यात, बाई."

मी ती हात पुरेल अशा उंचीवर घ्यायला लावली. किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच आठवेना, म्हणून कुलूप फोडलं. आत गुटख्याच्या पुड्या होत्या, एक लग्नपत्रिका होती, आणि शिपायाच्या नोकरीसाठी एका पदवीधराचा अर्ज होता. भ्रष्टाचाराची एकही तक्रार नव्हती. जिल्हाध्यक्षाने लगेच पत्रक काढलं की जिल्ह्यात आपल्या पक्षाविरुद्ध एकही तक्रार नाही.

त्याच सुमारास पक्षाच्या भोंगे लावलेल्या रिक्षा गावोगाव फिरत होत्या. त्यावर जिल्हाध्यक्षाचाच आवाज होता : "भ्रष्टाचार दिसला? घाबरू नका, आम्हाला सांगा!" सांगायला कुणी खरंच येईल अशी शंका पक्षात कुणाच्या मनातही आली नव्हती.

मे महिन्यातल्या एका दुपारी एक बाई आली. चाळिशीची असेल. आष्टीकडून एसटीने आली होती, पदराने घाम पुसत दारात उभी राहिली.

"नितीपालन हितंच हाय का?"

चिटणीस घाबरून उभा राहिला. वकीलसाहेब झोपेत होते. मी म्हटलं, "हो, इथंच. बस माय, आधी पाणी पी."

ती ऊसतोड करणारी. आष्टी तालुक्यातल्या एका माळावरच्या वस्तीवर तिचं घर. दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कर्नाटकात जायची, कारखाना बंद झाला की परत यायची. यंदा परत आली तेव्हा वस्तीवरची विहीर आटलेली. शेजारणी दीड कोसावरून पाणी आणत होत्या. सरकारी टँकर सुरू झालाय असं पंचायत समितीत सांगत, पण वस्तीवर कुणी तो पाहिला नव्हता. टँकरचं कंत्राट आमच्याच पक्षाच्या तालुकाध्यक्षाच्या मेव्हण्याकडे होतं.

"मग तहसीलला जायचं," चिटणीस मधेच म्हणाला.

"गेलते की. साहेब म्हनले, अर्ज द्या. आन ज्याच्यावर अर्ज द्यायचा, त्योच साहेबाच्या शेजारच्या खुर्चीवर चहा पीत बसलेला. मग तुमचा भोंगा आला वस्तीवर. घाबरू नका, आमाला सांगा, म्हनीत व्हता. म्हनून आले."

तिने पिशवीतून एक कागद काढला. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तिने टँकरच्या खेपांच्या वहीची झेरॉक्स मिळवली होती. रोजच्या खेपेपुढे वस्तीवरच्या दोन बायकांची नावं आणि त्यांचे अंगठे. पाणी मिळाल्याची पोच. तिने एका नावावर बोट ठेवलं.

"हे माझं नाव."

"आणि अंगठा?"

"त्यो कुनाचा हाय ते मला ठावं न्हाई. बाई, ह्या दिवसांत मी कर्नाटकात ऊस तोडीत व्हते. आन मला सही येती. ज्या बाईला सही येती, ती अंगठा कावून दील?"

"मुद्दा पक्का आहे," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे उघडे होते. मी ते पहिल्यांदाच पाहत होते, घारे होते.

संध्याकाळी जिल्हाध्यक्ष घरी आला. या वेळी नारळ नव्हता.

"बाई, ते भोंग्यावरचं एवढं मनावर घ्यायचं नसतं."

"तिने घेतलं."

"तालुकाध्यक्ष आपला खांब हाय. सभेला सगळ्यात जास्त गाड्या त्योच आणतो. तुमी चौकशी करा, मी न्हाई कुठं म्हणतो? पण निकाल देऊ नका. अभ्यास चालू हाय म्हणा."

अभ्यास चालू ठेवा, हे मी जन्मभर पोरांना सांगत आले. त्याचा हा अर्थ त्याने कधी काढला, देव जाणे. मुंबईहून आलेली नियमांची पुस्तिका माझ्यासमोर होती. ती मी वाचली होती, आणि जिल्ह्यात ती वाचणारी मी एकटीच असावी. मी पान उघडून त्याच्यापुढे धरलं : 'सुनावणी शक्यतो खुली असावी.'

"शक्यतो म्हणलंय, बाई," तो म्हणाला.

"हो. मी बघितलं, शक्य आहे. वस्तीवरच घेऊ."

'शक्यतो' हा शब्द कागदावर कशासाठी घालतात ते त्यालाही माहीत होतं, मलाही. पण सातवीत ज्या बाईने कान धरला, तिच्यापुढे तो शब्द काही उपयोगी पडेना. गाडीत बसताना तो बरोबर आलेल्या चिटणिसाला म्हणाला, "मुंबईवाल्यांनी पुस्तिका कशाला छापली बे?"

सुनावणीच्या दिवशी आम्हाला न्यायला येणारी पक्षाची जीप ऐनवेळी बिघडली. मग वकीलसाहेब, चिटणीस आणि मी एसटीने आष्टीला गेलो, तिथून वडापच्या जीपने वस्तीवर. वकीलसाहेबांनी एवढ्या उन्हातही काळा कोट घातला होता आणि डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता. शाळेच्या व्हरांड्यात आमच्यासाठी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. सगळी वस्ती जमली होती. निम्म्या लोकांना वाटत होतं की कसलं तरी अनुदान वाटणार आहेत.

तालुकाध्यक्ष चार गाड्या घेऊन आला. पांढरे कपडे, काळा चष्मा. आल्या आल्या माझ्या पाया पडला. "बाई मला आईसारख्या," त्याने लोकांना सांगितलं. त्याच्यामागून धूळ उडवत टँकर आला. गच्च भरलेला, झाकणातून पाणी सांडत होतं. पुढच्या काचेवर झेंडूचा हार.

मी म्हणाले, "सुनावणीला सुरुवात करू या." पण ऐकायला कुणी राहिलंच नव्हतं. बाया हंडे-कळशा आणायला धावल्या, पोरं बादल्या घेऊन, म्हातारे ड्रम गडगडवत. तक्रार करणारी बाईही गेली. तिने जाताना ओरडून सांगितलं, "आलेच, बाई! न्हाईतर संपंल!" व्हरांड्यात आम्ही तिघं आणि आरोपी एवढेच उरलो. तालुकाध्यक्षाने आमच्यासाठी नारळपाणी मागवलं. मी घेतलं नाही. वकीलसाहेबांनी घेतलं, आणि टिपणात तसं लिहू नका म्हणून चिटणिसाला खुणावलं. मी तसं लिहायला लावलं.

पाऊण तासाने माणसं परत आली. लुगडी भिजलेली, चेहरे खुललेले. तालुकाध्यक्ष उभा राहिला.

"बाई, आता तुमीच डोळ्यांनी बघितलं. टँकर येतो का न्हाई?"

"आज आला," एक म्हातारी म्हणाली.

"रोज येतो, आजी! लोकांचं ऐकू नका, ही विरोधकांची फूस हाय."

"रोज येतो, तर मग डायवरला वस्तीची वाट कावून ठावं नव्हती?" कडेवर कळशी घेतलेली एक तरुण बाई म्हणाली. "मोठ्या रस्त्याला उभा ऱ्हाऊन मलाच इचारत व्हता, कुठून वळायचं म्हनून!"

लोक हसले. ड्रायव्हर टँकरच्या पलीकडे गेला. तालुकाध्यक्षाने आवाज चढवला.

"टँकरला जीपीएस बसवलेलं हाय! सरकारचं यंत्र हाय! कंप्युटरवर दिसतं, रोज ह्या वस्तीपर्यंत गाडी येती. यंत्र खोटं बोलतं का?"

वकीलसाहेबांनी टॉवेल काढून मांडीवर ठेवला. "हे जीपीएस म्हणजे केवढी पेटी असते हो?"

"हाताएवढी."

"आणि ती टँकरलाच घट्ट बसवलेली असते, की काढता येते?"

मागून कुणीतरी म्हणालं, "रोज सकाळी एक फटफटी येती, साहेब. पिंपळाखाली थांबती, अर्धा तास. मागं एक डब्बा बांधलेला असतोय. आमाला वाटायचं, साथीच्या औषधाचं हाय."

यंत्र अजिबात खोटं बोललं नव्हतं. ते रोज वस्तीवर येत होतं. फक्त पाणी न घेता.

मग मी खेपांची वही मागितली. ती पंचायत समितीतून चिटणिसाने आणली होती, आणि एवढं एक काम त्याने चहाशिवाय केलं होतं. मी त्या बाईला पुढे बोलावलं आणि कोऱ्या पानावर सही कर म्हटलं. ती खाली बसली, वही गुडघ्यावर घेतली. हात अजून ओला होता, तो पदराला पुसला. सावकाश सही केली. अक्षरं मोठी, काने थोडे तिरके, पण नाव पूर्ण, वडिलांचं-नवऱ्याचं सगळं. पलीकडच्या पानावर त्याच नावापुढे निळा अंगठा. मी दोन्ही पानं लोकांना दाखवली. कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपत होतं.

मला वाटलं, आता तालुकाध्यक्ष चिडेल किंवा निघून जाईल. तो खाली बसला, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाई, मी बी एक इचारू का?"

"विचारा."

"जिल्ह्याला सभा असली की मला फोन येतो. इतक्या गाड्या भरून आन. माणसाला जेवन, पाण्याची बाटली. साहेबाच्या वाढदिवसाचे बॅनर माझ्यावर. मुंबईचा पावणा आला तर हार, शाल, जेवन माझ्यावर. कुनी एकदा तरी इचारलं का, ह्ये समदं तू कुठून आनतो? मी काय कारखानदार हाय का? मला पक्षानं पद दिलं तवाच सांगितलं, तुझं तू बघ. मी बघितलं."

हा माणूस चोर होता, यात मला शंका नव्हती. बायका दीड कोस चालत होत्या आणि हा मोटरसायकलवर टँकर फिरवत होता. पण त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्या व्हरांड्यात नव्हतं. ते बीडला पक्ष कार्यालयात होतं, आणि खरं तर तिथेही नव्हतं. त्याच्या मेव्हण्याचा टँकर ज्या माळावर यायचा नाही, तिथलंच पाणी आमच्या सभेत बाटलीतून वाटलं जात होतं. मीही एका सभेत ते प्याले होते.

"याचंही टिपण घ्या," मी चिटणिसाला सांगितलं. तो म्हणाला, "हे बी?" मी म्हटलं, "हे आधी."

अहवाल मी घरी लिहिला. आमच्या ह्यांनी वाचून शुद्धलेखन तपासलं आणि म्हणाले, "लिहिलंयस चांगलं. छापणार कोण?" अहवालात दोन शिफारशी होत्या. तालुकाध्यक्षाला पक्षातून काढावं, आणि पदाधिकाऱ्याच्या घरात वा नात्यात सरकारी कंत्राट असू नये, ही पहिली. दुसरी अशी की सभेला गाड्या भरून आणायची सक्ती पक्षाने बंद करावी, निवडणुकीतही गाड्या-जेवणं करू नयेत, पक्षाला कोण काय देतं ते नावानिशी कार्यालयाच्या भिंतीवर लावावं, आणि उमेदवार गावासमोर बसवून निवडावा.

जिल्हाध्यक्षाने पहिलीचा निम्मा भाग घेतला. तालुकाध्यक्षाला सहा वर्षांसाठी काढलं. पत्रकार परिषदेत तो म्हणाला की आमचा पक्ष घाण खपवून घेत नाही. मी शेजारी बसले होते. दुसरी शिफारस कुठे गेली विचारलं, तर म्हणाला, "अभ्यास चालू हाय, बाई."

आठ दिवसांत तालुकाध्यक्षाने विरोधी पक्षात प्रवेश केला. त्याला हार घातले, फेटा बांधला. 'जुन्या पक्षात माझ्यासारख्या स्वच्छ माणसाचा जीव गुदमरत होता,' असं तो भाषणात म्हणाला. तिकडे त्याच्याकडे शिस्तीचं काम दिलं असं कळलं. अनुभव होताच.

पण तो सहीचा व्हिडिओ फिरू लागला होता. आष्टीत, बीडमध्ये, लग्नांत, चहाच्या टपऱ्यांवर लोक तो बघत. जिल्हाध्यक्ष जिथे जाई तिथे त्याला ऐकू येई, "तुमच्या पक्षाने बरं केलं राव." इतक्या वर्षांच्या राजकारणात हे वाक्य त्याच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. एका सकाळी तो आला आणि पायरीवर बसला.

"बाई, तुमचा तो दुसरा मुद्दा काय होता?"

मी पुन्हा सांगितला. तो सद्गुणाने पेटला नव्हता, मतांनी पेटला होता. मी तक्रार केली नाही. वर्गात गणित आवडणारी पोरं किती असायची? बाकीची गुणांसाठीच करायची, तरी उत्तर बरोबर यायचं.

मग पंचायत समितीची निवडणूक जवळ आली, तेव्हा वस्तीच्या गणात, म्हणजे मतदारसंघात, पक्षाने उमेदवार लोकांसमोर निवडायचं ठरवलं. इच्छुक भरपूर होते. त्याच शाळेच्या व्हरांड्यात बसून गावकऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत असं कळल्यावर एकाच्या पुतणीचं लग्न निघालं, दुसऱ्याचा गुडघा दुखू लागला, तिसऱ्याने तर राजकारणच सोडलं. शेवटी पिठाची गिरणी चालवणारा एक माणूस राहिला. अंगावर पिठाची पांढरी भुकटी तशीच घेऊन तो येऊन बसला.

"निवडून आलास तर टँकर कुनाचा?" त्या बाईने विचारलं. तोडीला जायला तिला अजून महिना होता.

"माझ्या घरचा न्हाई."

"आन पावण्यांचा?"

गिरणीवाल्याने बोटांवर मोजून बघितलं. "पावणे लई हायत मला," तो म्हणाला. "पर न्हाई."

त्याला उमेदवारी मिळाली. निवडणूक आली ती ऐन तोडीच्या हंगामात. निम्मी वस्ती कर्नाटकात. विरोधी पक्षाकडून उभ्या राहिलेल्या जुन्या तालुकाध्यक्षाने तिकडे गाड्या पाठवल्या, माणसं उचलून आणली, जेवू घातली, मत झाल्यावर परत पोचवली. आमच्या पक्षाने गाडी पाठवली नाही, कारण माझी शिफारस होती. गाड्या नाहीत, जेवणं नाहीत. आयुष्यभर वेग-काळ-अंतराची उदाहरणं घातली आणि मतदार कुठे असतील हे अंतर मीच धरलं नव्हतं.

गिरणीवाला पडला. थोडक्यात पडला, पण पडला. जुना तालुकाध्यक्ष निवडून आला.

दुसऱ्या दिवशी कर्नाटकातून त्या ऊसतोडीच्या बाईचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"बाई, गाडी त्याचीच व्हती. जेवन बी त्याचंच. मत म्या गिरनीवाल्याला दिलं."

"मग पडला कसा गं?"

"समद्यांनी न्हाई दिलं ना. जेवलेल्या मानसाला लाज वाटती, बाई. त्याचं खाऊन त्याच्या इरोधात कसं जावं म्हनत्यात." मग म्हणाली, "तुमी गाडी धाडायला पायजे व्हती. आमी काय चालत येनार व्हतो का?"

चुकलं माझं, म्हणाले. ती म्हणाली, "असू द्या," आणि मुकादम हाक मारतोय म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मी जेवले नाही असं लिहिलं तर छान वाटेल. जेवले, पण भाजी कसली होती ते आठवत नाही.

जिल्हाध्यक्ष आला. समिती बरखास्त झाल्याचं पत्र त्याने बरोबरच आणलं होतं. त्यात 'पुनर्रचना' असा शब्द होता. मी सही करून घेतलं. मग तो उठेचना.

"पडलो, बाई."

"हो."

"पर एवढ्या थोडक्यात त्या गणात आमी कधीच पडलो नव्हतो. दर वेळी गाड्या, मंडप, जेवणं, आन आपटून पडायचो. या वेळी कुणाला काही दिलं न्हाई, तरी एवढी मतं!" तो स्वतःशीच बोलत होता. "तोडीवाल्यांना आणायला लोकांकडूनच वर्गणी काढली असती तर? उघड?"

"नावं भिंतीवर लावायची मग."

"समदी नावं?"

"सगळी."

त्याने डोकं खाजवलं. "बघू," म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीवर टँकर आला. रोज येतो. कंत्राट कुणाचं आहे ते विचारलं तर जुन्या तालुकाध्यक्षाच्याच कुठल्याशा नातलगाचं निघालं. पण खेपांची वही आता ती बाई आणि तिच्या शेजारणी आळीपाळीने घरात ठेवतात, आणि पाणी ड्रममध्ये पडल्याशिवाय पेन देत नाहीत. त्या तोडीला गेल्या की वही सुनावणीत 'आज आला' म्हणणाऱ्या म्हातारीकडे असते. म्हातारीला सही येत नाही, पण तिच्याकडून अंगठा घेणं ड्रायव्हरला सहीपेक्षा अवघड जातं असं ऐकते.

आणि जिल्हाध्यक्षाने खरंच भिंतीवर वर्गणी देणाऱ्यांची यादी लावली. कार्यालयात, जिन्याजवळ, वाचता येईल अशी. सुरुवातीला त्याचं स्वतःचं नाव, मग गिरणीवाल्याचं, मग माझं, वकीलसाहेबांचं. पूर्वी पक्षाला हात सैल सोडून मदत करणाऱ्या मोठ्या मंडळींना नाव लागणार म्हटल्यावर एकदम विनय सुचला. प्रसिद्धी नको म्हणाले, आणि देणंच बंद केलं. त्यामुळे गेल्या सभेचा मंडप निम्म्याहून लहान होता. मी मागे, उन्हात बसले होते. भाषण अर्ध्या तासाच्या पुढे गेलं तेव्हा लोक ओरडले, "आटपा आता, साहेब, ऊन लागतंय!" जिल्हाध्यक्षाने कागदाची उरलेली पानं घडी करून खिशात घातली आणि कुणाला प्रश्न असले तर विचारा म्हणाला. लगेच दहा-बारा हात वर झाले. त्याने घाम पुसत माझ्याकडे बघितलं. मी पदर डोक्यावर घेतला आणि पहिला प्रश्न ऐकू लागले.